उजवं-डावं

कोंढव्यात, टायरच्या दुकानावर, अरुंद जिना.
बाबांनी अठरा पायऱ्या मोजल्या, मोठ्याने,
म्हणजे मला ऐकू जावं.

जानेवारीपासून त्यांचा उजवा हात
पाहुण्यासारखा सोबत असतो.
बसताना त्याला बसवायचं,
उठताना आठवणीने उचलून घ्यायचं.
छत्तीस वर्षं खडकीच्या फॅक्टरीत
केसाएवढा फरक बोटाने सांगणारा हात.

हल्ली ते सगळ्यांच्या नंतर जेवतात,
ओट्याशी, भिंतीकडे तोंड करून,
डाव्या हातात चमचा.
डाव्या हाताने जेवत नाहीत,
हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं.
श्रीरंगच्या मनगटाला दोन वर्षं
रुमाल बांधायचे जेवताना.
श्रीरंग आता कॅनडात डाव्या हाताने जेवतो
आणि फोनवर मला विचारतो,
बाबा नीट जेवतात ना?

सेलामाविट विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायला आली.
शिकून झालं, परत जायचं राहिलं.
निनादला तिने बारावीला तारलं, फी घेतली नाही.
म्हणाली, सगळे माझ्याकडे जेवायला या.
बिल मात्र द्या.

टेबल म्हणजे विणलेली उंच दुरडी, टोपीसारखं झाकण.
झाकण उचललं, तर परातीएवढी एकच
राखाडी, जाळीदार घडी पसरलेली
आणि तिच्यावरच सगळं वाढलेलं.
"आंबोळी," बाबा म्हणाले. "दोन दिवस जास्त आंबलेली."
"इंजेरा, काका."
"आणि हे पिठलं."
"शिरो."
"शिरो काय, पिठलंच."
ताटं? ताट हेच.
चमचे?
ती हसली. "चमचा नाही, काका. हात."

मी फोनवर नुसते रंग पाहिले होते.
लाल डाळ, पिवळा कोबी, काळपट पालेभाजी.
जिना पाहिला नव्हता. चमचा विचारला नव्हता.
बाबांनी डाव्याने उजवा उचलला,
मांडीवर ठेवला, वर नॅपकिन पांघरला.
"मला भूक नाही."
रद्दीवाल्याला भाव सांगतात, तसं. शेवटचं.

सेलामाविट स्टूल ओढून आमच्यातच बसली.
एक तुकडा तोडला, त्यात डाळ गुंडाळली,
भाजी कोंबली, आणि बाबांच्या तोंडासमोर धरला.
"गुर्शा. पहिला मोठ्यांना. नाही म्हणायचं नसतं."

हात हवेत.
खाली हवा भरायचं यंत्र नेमकं तेव्हाच बंद पडलं.
मी मनात म्हणत होते, बाई, खाली घे तो हात,
तुला माहीत नाही, या घरात
आईलाही त्यांनी कधी भरवू दिलं नाही.

बाबांनी तोंड उघडलं.

घास मोठा होता. मोठाच लागतो म्हणे,
लहान दिला तर कंजूषपणा दिसतो.
हनुवटीवर लाल ओघळ आला.
कुणी पुसायला धावलं नाही, हे बरं झालं.
"एकाने भांडण होतं," म्हणत तिने दुसरा दिला.
तिसरा निनादने, अर्धा आजोबांच्या शर्टवर.
मग ती स्वतःच तोंड उघडून थांबली.
आता पाळी मोठ्यांची.

बाबांचा डावा हात निघाला.
दुरडीपर्यंत आला, तिथे अडला.
कशाला अडला ते मला दिसलं:
निळ्या चौकड्यांचा तो रुमाल.
मग त्याने वाकडातिकडा तुकडा तोडला,
थोडं पिठलं, थोडं काहीच नाही,
आणि थरथरत तिच्या ओठांशी नेला.
"डावा आहे," बाबा म्हणाले.
तिच्या तोंडात घास होता,
त्यामुळे उत्तर मिळालं नाही.
तिच्याकडेही डावा चालत नाही,
हे निनादने मला नंतर सांगितलं.

कॉफी तीनदा आली, धुपाच्या धुरातून.
तिसऱ्या, पातळ कपाचं नाव बरेका.
"बरकत! आपलाच शब्द," बाबा म्हणाले.
"आपला कुठला, अरबी आहे," निनाद म्हणाला.
त्यावर बिल येईपर्यंत दोघांचं वाजलं.

उतरताना पायऱ्या सतराच भरल्या.
रिक्षात म्हणाले, "आंबट जरा जास्त होतं."
मग लुल्लानगरच्या सिग्नलला, बाहेर बघत,
"कॅनडात आत्ता किती वाजले असतील?"